मातीला पाजलेली घुटी

एकदा एका माळरानावर, जिथं काळ्या मातीत पांढरे खडे तांदळासारखे चमकतात, तिथं एक वृद्ध माळी राहत असे. टेकडीवर खंडोबाचं देऊळ होतं आणि टेकडीच्या पायाशी देवाचा मळा. त्या मळ्यात खुरपं चालवता चालवता त्याचे केस पिकले होते. सारं गाव त्याला आबा म्हणे. आबा फार बोलत नसत, पण बोलले तर माणसं हातातलं काम थांबवून ऐकत.

त्या गावाचा एक जुना नेम होता. आषाढ लागला की घरोघरी वांगं बंद. ते पुन्हा ताटात यायचं ते मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. तेही कसं? आधी देवाच्या मळ्यातल्या वांग्यांचं भरीत आणि बाजरीचा रोडगा नैवेद्याला चढायचा, आणि त्यानंतरच गावातल्या चुलींत वांगी भाजली जायची. देवाच्या मळ्यातलं वांगं आलं नाही तर गावाच्या तोंडालाही वांगं नाही.

आबांचे गुडघे आता थकले होते. बसलं की उठवत नसे. आपल्या मागं मळा कोणी सांभाळायचा, हा विचार त्यांनी बराच काळ केला आणि एक शिष्या निवडली. तिचं नाव तुळसा. कोकणातून लग्न होऊन या कोरड्या मुलखात आलेली. नवरा गाडीवान, महिना महिना परगावी. कडेवर तान्ही लेक, बकुळ. मळ्यातल्या खोपीतच त्या मायलेकी राहत. तुळसाच्या हाताला मातीची ओढ होती. रोप लावताना ती मुळांभोवती माती अशी दाबायची, जशी झोपलेल्या बाळाची दुपटी सारखी करावी.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली.

"देवाचा मळा आन् परमुलखाच्या बाईच्या हातात?" धुरपदाआत्या पाणवठ्यावर म्हणाली. "तिला आपल्याकडची बाजरी तरी वळखू येती का?"

गावाजवळ एका शेटजींची चुन्याची भट्टी होती. मळ्याच्या विहिरीवर त्यांचा फार दिवसांचा डोळा. ते वडीलधाऱ्यांना म्हणाले, "मळा माझ्याकडे द्या. मी तिथं धर्मशाळा बांधतो. नैवेद्याची वांगी काय, बाजारातून टोपलीभर आणता येतील."

वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि ठरवलं : यंदाची वांगी तुळसानं पिकवायची. चंपाषष्ठीचा नैवेद्य तिच्या वाफ्यातून चढला तर मळा तिचा. नाही चढला, तर मळा शेटजींचा आणि मायलेकींनी खोपी सोडायची.

श्रावणात रोपं लागली. आणि नेमका तेव्हाच आबांना निरोप आला, लेकीच्या घरी जावई अंथरुणाला खिळला आहे. जाणं भागच होतं. निघताना ते तुळसाला म्हणाले, "पोरी, पाणी कधी द्यायचं ते तुला कळतं. एवढंच सांगतो. मातीला काही खाऊ घालावंसं वाटलं, तर आधी तिला विचार."

तुळसानं मान डोलावली. मनात मात्र म्हणाली, आबांचं वय झालं. माती काय बोलते थोडीच?

आबा गेले आणि तुळसाची झोप उडाली. ज्या माउलीचं मूल नुकतं रांगायला लागलेलं असतं, तिलाच हे कळेल. सगळं ठीक असलं तरी ठीक आहे असं वाटत नाही. मूल गप्प झोपलं तर नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, आणि रडलं तर का रडलं म्हणून आपणही रडकुंडीला यायचं. तुळसाचं वांग्यांच्या रोपांशी असंच झालं. पहाटे उठून आधी बकुळच्या कपाळाला हात लावायचा, मग वाफ्यावर जाऊन पानं चाचपायची. एके दिवशी तिला एक पान जरा फिकं दिसलं.

तुळसाच्या माहेरची रीत अशी होती, की झाड रुसलं तर त्याच्या बुडाशी चुलीतली राख टाकायची. तिची आई परसातल्या प्रत्येक झाडाला राख घाले, वर्षातून एकदा शिंपल्यांचा भाजलेला चुनाही घाले, आणि तिथल्या लाल मातीत पडवळ-दोडकी मांडवभर लोंबत. तुळसानं तेच केलं. चुलीतली राख चाळून मूठ मूठ प्रत्येक रोपाला दिली.

पानं आणखी फिकी झाली. "कमी पडली असेल," तिला वाटलं. ती शेजारच्या घरांतूनही राख मागून आणू लागली. आता पानं केवड्यासारखी पिवळी पडली, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. जणू कोणी पिवळ्या कागदावर हिरवी जाळी काढली होती.

शेटजी एकदा मळ्याच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "बाई, राखेनं काय होतंय? तुमच्या कोकणात चुना घालतात ना? माझ्या भट्टीचा घ्या. देवाचं काम आहे, फुकट देतो. पाट्या भरून घ्या!"

त्यांच्या मनात कपट होतं की खरंच तसं वाटत होतं, ते त्यांनाच ठाऊक. ज्याच्याकडे चुना असतो, त्याला प्रत्येक दुखण्यावर चुनाच आठवतो. बुडत्याला काडी मिळाली. तुळसानं वाफाभर चुना पसरला आणि पाणी सोडलं.

रोपांनी माना टाकल्या.

भाद्रपद सरला, घट बसायचे दिवस आले. बायका देवळातून खाली उतरताना मळ्यात डोकावल्या. वाफ्याची कळा पाहून धुरपदाआत्याचंही मन द्रवलं. जिभेनं तिखट असली तरी बाई वाईट नव्हती. "देवाचाच मळा हाय," ती म्हणाली, "देवाचा भंडारा टाकू. त्यो सांभाळंल." आणि ओच्यात बांधलेली हळद तिनं मूठभर घेऊन ओल्या वाफ्यावर उधळली.

बघता बघता भंडारा लाल झाला.

पिवळीधमक हळद मातीला लागली आणि जिथं जिथं लागली तिथं रक्ताचे शिंतोडे उडावेत तशी माती दिसू लागली. बायका किंचाळून मागं सरल्या. धुरपदाआत्यानं दोन्ही कान धरले. "देव कोपला! हिचा हात देवाला मानवला नाही गं बायांनो!"

ही बातमी टेकडी चढून देवळात गेली आणि उतरून शेटजींच्या भट्टीवर. संध्याकाळपर्यंत वडीलधारे पारावर जमले. कोणी म्हणालं, चंपाषष्ठीची वाट कशाला बघायची, आजच मळा काढून घ्या. तुळसा खोपीच्या दारात बसून होती. बकुळला सर्दी झाली होती, तिला मांडीवर घेऊन ती बाळघुटीची सहाण पुढं ओढत होती. पण हातच चालेना. एवढं सगळं दिलं, काही म्हणून कमी केलं नाही, तरी असं का? हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात गरगरत होता.

तेवढ्यात बांधावर काठीचा आवाज आला. आबा परतले होते. वाटेतच त्यांना सगळं समजलं होतं, आणि त्यांच्या मागोमाग अर्धं गाव मळ्यात शिरलं होतं.

तुळसा उठली आणि पाया पडता पडता रडू लागली. "आबा, मी काही कमी नाही केलं हो. राख दिली, चुना दिला. माझ्या पोटच्या पोरीपेक्षा जास्त जपलं."

आबांनी वाफ्याकडे एकदाच पाहिलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. ते खोपीच्या ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "पोरीला सर्दी झाली आहे वाटतं. आण ती सहाण इकडं. आज घुटी मी उगाळतो."

त्यांनी हळकुंड घेतलं आणि उगाळायला लागले. एक वेढा झाला, दुसरा झाला, हात थांबेचना. अर्धं हळकुंड झिजलं. मग वेखंड घेतलं, तेही बोटाएवढं उरेपर्यंत. मग जायफळ. सहाणेवर लगदा मावेना, तेव्हा तो वाटीत काढून घेतला. भोवतालच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हाताऱ्याला काय झालं?

आबांनी वाटी तुळसापुढं धरली. "घे. पाज लेकीला."

तुळसानं बकुळला छातीशी घट्ट धरलं. "आबा! पोर दगावेल माझी!"

"का? औषधच आहे ना? तूच रोज देतेस."

"देते, पण..."

"वेखंड चांगलं नाही का?"

"चांगलंच की!"

"हळद वाईट?"

"नाही हो आबा! पण असं कसं... एखाद-दुसरा वेढा द्यायचा असतो! तेही आधी पोट बघून, जीभ बघून. पोट गच्च असलं तर मुरुडशेंग, सर्दी असली तर वेखंडाचा वेढा, आणि पोर खेळतं असलं तर काहीच नाही. कुणी वाटीच्या वाटी पाजतं का?"

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर वाफ्याकडे गेली. मागं उभ्या धुरपदाआत्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया!"

आबांनी वाटी खाली ठेवली. "थांब, अजून संपलं नाही," ते म्हणाले. त्यांनी सहाण धुऊन उरलेलं हळकुंड पुन्हा उगाळलं आणि ती नुसती हळद दोन पानांवर लावली. मग तुळसाच्या वाफ्यातली माती तांब्यात कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळ एका पानावर टाकली. हळद लाल झाली. तशीच निवळ त्यांनी मळ्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या खड्ड्यातल्या मातीची केली, जिथं वर्षानुवर्षं शेण आणि पाचोळा कुजत पडला होता. ती दुसऱ्या पानावर टाकली. हळद पिवळीच राहिली.

"धुरपदे," आबा म्हणाले, "तुझी आई कुंकू घरी करायची. कशाचं गं?"

"हळदीचं की. हळदीत चुन्याचं पाणी घालून..." धुरपदाआत्या बोलली आणि तिनं जीभ चावली.

"मग देव कोपला कुठं? तू टाकलीस हळद, खाली होता चुना. त्याचं कुंकू झालं. देवानं कोप दाखवला नाही, खूण दाखवली. कुंकू बघून बायका किंचाळल्या, एवढंच काय ते नवल!"

माणसं हसली. पण तुळसा हसली नाही. ती त्या दोन पानांकडे बघत राहिली.

आबा तिच्याकडे वळले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. "पोरी, तुझ्या माहेरची माती आंबट. तिथं पाऊस एवढा पडतो की मातीतला सगळा चुना धुऊन नेतो. तिथं तुझ्या आईनं राख घातली ती बरोबरच केली, आंबट पोटाला ती उतारा होती. इथली माती जन्मापासून चुनखडीची. हे पांढरे खडे बघतेस ना, तो चुनाच. हिला चुना कमी नव्हता, आधीच जड होता. जड पोटावर तू आणखी जड घातलंस. मातीत खाणं भरपूर असूनही मुळांना ते उचलता येईना, म्हणून पान पिवळं पडलं. तुला वाटलं उपाशी आहे. औषध खोटं नव्हतं, तुझी मायाही खोटी नव्हती. तू फक्त पोट न बघता घुटी पाजलीस."

मग तुळसा एकदम उठली. "मग मी चिंचेचं पाणी ओतते! आंबट ताक ओतते! घरोघरचं मागून आणते, आत्ताच्या आत्ता..."

"बस खाली," आबा म्हणाले. "तापानं फणफणलेलं लेकरू तू विहिरीच्या गार पाण्यात बुडवशील?"

ती खाली बसली.

"मातीत जीव असतो पोरी. गांडूळ असतं, डोळ्याला दिसत नाहीत असे लाखो जीव असतात. तू चुना ओतलास तेव्हा ते पोळले, आता आंबट ओतलंस तर उरलेले मरतील. तिला या टोकाकडून त्या टोकाला ढकलू नकोस. मऊ खाणं दे, पांघरूण घाल, आणि हात आवर. ती आपली आपण मध्यावर येते."

शेटजी मागून म्हणाले, "आबा, शेण-पाचोळ्यानं चंपाषष्ठीपर्यंत वांगी? झाडं मेलेली आहेत. उगाच बाईला आशा लावू नका."

"शेटजी, चंपाषष्ठी अजून व्हायची आहे," आबा म्हणाले. वडीलधाऱ्यांनीही मान हलवली. दिलेला शब्द दिला होता. मुदत बदलायची नाही.

त्या दिवसापासून तुळसाची खरी शिकवण सुरू झाली. तिनं वाफ्यावरची पांढरी साय खुरप्यानं अलगद खरवडून मळ्याबाहेर टाकली. जी रोपं मेली होती ती काढली. उरलेल्यांच्या भोवती जुन्या खड्ड्यातलं काळं, भुसभुशीत, गोडसर वासाचं खत पसरलं, त्यावर सुक्या पाल्याची जाड गादी. पाणी पोटभर द्यायचं आणि मग निथळू द्यायचं, म्हणजे उरलासुरला चुना खाली उतरतो. आणि दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हळद लावून वाळवलेली एक चिंधी वाफ्याच्या निवळीत बुडवून बघायची.

पहिली चिंधी कुंकवासारखी लाल निघाली. तुळसानं ती खोपीच्या कुडाला खोचून ठेवली. पुढची विटकरी. त्यापुढची नारिंगी, पण पुरती नव्हे.

सांगायला हे सोपं आहे. पण ज्या बाईला सतत काहीतरी करत राहिल्याशिवाय चैन पडत नाही, तिला काही न करणं किती जड जातं! पाला घातला, पाणी घातलं, आता पुढं काय? पुढं काही नाही. तुळसा वाफ्याभोवती फेऱ्या घालायची. हात शिवशिवायचे. दसरा गेला, दिवाळीची पणती खोपीत लागली, तरी झाडांवर जुनी पानं पिवळीच.

शेटजी पुन्हा बांधावर आले. या वेळी त्यांच्याकडे कसलीशी गंधकासारखी पिवळी भुकटी होती. "बाई, शहरातून मागवली आहे. ही चुन्याला मारते म्हणे. एक पाटी टाका आणि मोकळ्या व्हा. मी तुमचं वाईट चिंततो असं वाटू नये म्हणून आणली."

तुळसानं पाटीकडे पाहिलं. मग वाफ्याकडे. चंपाषष्ठी जवळ येत होती, आणि झाडावर एक फूल नव्हतं. तिनं हात पुढं केला... आणि तो तसाच मागं घेतला.

"थांबा शेटजी. आधी विचारते."

"कुणाला? आबा तर देवळात गेलेत."

"आबांना नाही," ती म्हणाली. तिनं पाला बाजूला करून मूठभर माती तांब्यात कालवली आणि निवळ बसेपर्यंत तिथंच उकिडवी बसून राहिली. शेटजी ताटकळले. मग तिनं चिंधी बुडवली. बाहेर काढली तेव्हा ती पिवळी होती, कडेला जराशी केशरी छटा.

तिनं चिंधी शेटजींना दाखवली. "ती बरी होते आहे. बऱ्या होणाऱ्या लेकराला औषध देत नाहीत. तुमची पाटी परत न्या, उपकार झाले."

शेटजी काहीतरी पुटपुटत गेले. तुळसानं पाला परत सारखा करायला हात घातला आणि तिच्या बोटांना काहीतरी ओलं, गार, वळवळणारं लागलं. गांडूळ! ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की देवळातून आबा काठी टेकत खाली आले. त्यांना वाटलं साप निघाला. तुळसा हाताच्या ओंजळीत ते गांडूळ धरून बकुळला दाखवत होती आणि हसता हसता रडत होती. "बघ बकुळे, पाहुणा आला! आपल्या घरी पाहुणा आला!"

त्या दिवशी आबांनी देवाला एक नारळ जास्त फोडला.

मग मात्र झाडांनी वेळ दवडला नाही. शेंड्यातून जे नवं पान फुटलं ते गर्द हिरवं, हाताच्या पंजाएवढं. फांदीफांदीवर जांभळी फुलं आली. फुलांमागं इवली काटेरी टोपी घातलेली वांगी बसली, आणि बाळसं धरावं तशी ती फुगत गेली. धुरपदाआत्या रोज काहीतरी निमित्त काढून मळ्यात येऊ लागली. "मी आपली वाटंनं चालले व्हते," म्हणायची आणि पाला वर करून बघायची. जाताना बकुळच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

चंपाषष्ठीची पहाट उजाडली. गवतावर दव पडलं होतं. ढोल वाजू लागला आणि सारं गाव मळ्यात लोटलं. तुळसाच्या वाफ्यात काळीभोर, तुकतुकीत वांगी फांद्या वाकवून लोंबत होती. वडीलधाऱ्यांनी ती डोळे भरून पाहिली. नैवेद्याची टोपली पुढं आली.

एवढ्यात शेटजी म्हणाले, "वांगी आली हे खरं. पण या वाफ्यावर देवाचा कोप झाला होता, हे साऱ्या गावानं पाहिलं आहे. तो गेला कशावरून? नैवेद्य आहे, चेष्टा नाही. माझं म्हणणं एवढंच, आधी भंडारा टाकून बघा. लाल झाला तर ही वांगी देवाला चालायची नाहीत."

ढोल थांबला. सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी तुळसाकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. भुवईसुद्धा उचलली नाही.

तुळसानं खोपीच्या कुडाकडे नजर टाकली. तिथं चिंध्या ओळीनं खोचलेल्या होत्या, लालपासून पिवळ्यापर्यंत. तिनं बकुळला धुरपदाआत्याच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि वाफ्यावरचा पाला स्वतःच्या हातानं दूर केला. खालची माती काळी, ओली, दाणेदार दिसत होती.

"टाका शेटजी," ती म्हणाली. "तुम्हीच टाका. तुमच्या हातानं."

शेटजींनी मूठ भरून भंडारा घेतला, वाफ्याच्या कडेला दवात पाय रोवून उभे राहिले, आणि उधळला.

हळद ओल्या मातीवर पडली. माणसं खाली वाकली. लहान पोरं मोठ्यांच्या पायांतून डोकी घालून बघू लागली. धुरपदाआत्यानं डोळे मिटून घेतले, मग एक उघडला.

भंडारा पिवळा होता. सोन्यासारखा पिवळा. माती त्याला हलकेच ओलं करत होती आणि तो तसाच होता.

"पिवळा! पिवळा राहिला!" धुरपदाआत्या ओरडली. मग तिचीच नजर खाली गेली आणि ती पोट धरून हसायला लागली. "आवं शेटजी, तुमच्या पायाकडं बघा!"

शेटजींच्या वहाणांवर भट्टीचा चुना बसलेला होता. तो दवानं भिजला होता, आणि उधळलेला भंडारा त्यांच्यावरही पडला होता. दोन्ही वहाणा कुंकवासारख्या लालभडक झाल्या होत्या.

"शेटजींच्या वहाणांवर देव कोपला!" गर्दीतून कोणी ओरडलं आणि सारा मळा हसण्यानं दणाणून गेला. शेटजींनी एकदा वहाणांकडे पाहिलं, एकदा मातीकडे. मग त्यांनाही राहवलं नाही. वहाणा काढून बांधाबाहेर ठेवल्या, अनवाणी वाफ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, हरलो. आता भरीत तरी वाढाल ना?"

"पहिल्या पंगतीला बसा," तुळसा म्हणाली.

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" आरोळी उठली. ढोल पुन्हा वाजला आणि भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. वांगी तोडली गेली, निखाऱ्यांवर भाजली गेली, त्यांचा खरपूस वास टेकडीभर पसरला. तुळसानं स्वतःच्या हातानं भरीत कालवलं. कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ घालताना चिमटीत धरून धरून. रोडग्यावर ठेवलेलं ते भरीत डोक्यावर घेऊन ती टेकडी चढली, आणि ज्या बायका तिला परमुलखाची म्हणत, त्याच तिच्या मागं गाणी म्हणत चढल्या. देवापुढं ताम्हण उचलून तळी भरली, नैवेद्य चढला. आणि खाली गावात घराघरातून धूर उठला. वांगी भाजायला लागली होती.

दुपारी पंगती उठल्यावर आबांनी आपलं खुरपं, वर्षानुवर्षं हाताळून मूठ गुळगुळीत झालेलं, तुळसाच्या ओंजळीत ठेवलं. वडीलधारे साक्षीला होते. आबा म्हणाले, "मळा तुझा. पण जाताजाता एक विचारतो. पुढच्या श्रावणात या वाफ्यात काय घालशील?"

गावाला वाटलं, आता ही खताची, पाल्याची, सगळी विद्या सांगेल. तुळसानं बकुळचे भरीत माखलेले हात पदरानं पुसले. ती वाफ्याकडे वळली. मग म्हणाली, "आत्ता कसं सांगू आबा? तेव्हा तिला विचारीन."

आबांनी डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली. त्यांना आता शिकवायचं काही उरलं नव्हतं.

आपणही ज्यांच्यावर जीव टाकतो, त्यांना काही भरवण्याआधी क्षणभर हात थांबवून त्यांची जीभ पाहावी. माया खरी असली तरी माप तिचं तिला कळत नाही.